भरून आलेले ओरखडे

ऋतुजानं वडिलांच्या गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म बसवून दिली त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. एका सकाळी ती माहेरी गेली तर आण्णा अंगणात डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं बॉनेट चोळत होते. बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला चकाकी आणायचा तो एकच उपाय माहीत होता. ऋतुजानं फडकं काढून घेतलं आणि अर्धा तास बाप-लेकीची खडाजंगी झाली. आण्णांचं म्हणणं, पत्र्याला डिझेल चालतं, मग ह्या कागदाला का नाही? ऋतुजाचं म्हणणं, हा कागद नाही, गाडीची कातडी आहे. कातडीला कुणी डिझेल लावतं का?

"मी लावतो की," आण्णा म्हणाले. "गुडघ्याला."

ऋतुजाला हसू आलं आणि वाद तिथंच संपला. पण त्या दिवसापासून तिनं नियम घालून दिला. दर तीन महिन्यांनी गाडी तिच्या दुकानात आणायची. मधल्या काळात धुवायची ती सावलीत, दोन बादल्या घेऊन. एक सौम्य साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकं खळबळायची. पाखराची घाण वाळली असेल तर खरवडायची नाही, ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून मऊ करायची आणि अलगद उचलायची. फिल्मच्या कडेवर पाण्याचा फवारा मारायचा नाही, कारण कड उचलली की आत धूळ शिरते. आण्णांनी नाक मुरडलं, पण डेपो मॅनेजरचा हुकूम पाळावा तसं सगळं पाळलं.

हणमंत साबळे हे त्यांचं नाव. सातारा डेपोत ड्रायव्हर म्हणून लागले आणि एकही अपघात न करता निवृत्त झाले. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांच्या कपाटात होता, आणि तो ते कुणाला दाखवत नसत. त्यांची बायको रंजना त्याच डेपोत कंडक्टर होती. दोघांना एकाच गाडीवर ड्यूटी फार क्वचित मिळाली, म्हणून निवृत्तीनंतर आण्णांनी गाडी घेतली तेव्हा रंजनाबाई म्हणाल्या होत्या की आता जाऊ तिथं एकत्र जाऊ. गाडी २०२६ सालची, सेकंडहँड. डोळ्यांनी बघून आणि हातांनी वळवून चालवायची. अडथळा आला की ओरडणारी यंत्रं तिच्यात नव्हती. आता २०३९ साल चालू होतं आणि साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या त्यांच्या कॉलनीत तशी तेवढी एकच गाडी उरली होती. पण सगळ्या कॉलनीला तीच लागायची. कुणाला डायलिसिसला जायचं असो, कुणाची सून बाळंतीण होऊन घरी यायची असो, फोन आण्णांना यायचा. कुणी पेट्रोलचं विचारलं की ते रागवायचे.

ऋतुजाचं दुकान साताऱ्यातच, गोडोलीत होतं. प्लास्टिक अभियांत्रिकीचा डिप्लोमा करून तिनं फिल्म बसवायचं काम सुरू केलं होतं. पण बसवण्यापेक्षा तिचं नाव झालं ते निगा राखण्यात. गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चिकटवायची पद्धत तशी जुनीच. ही फिल्म पॉलियुरेथेन नावाच्या लवचीक प्लास्टिकची असते. त्या प्लास्टिकचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. ओरखडा पडला की साखळ्या बाजूला सरकतात, आणि ऊन लागलं की सैल होऊन मूळ जागी परत येतात. जुन्या फिल्ममध्ये केसाएवढे बारीक ओरखडेच असे भरून येत. सात-आठ वर्षांपूर्वी जी नवी फिल्म बाजारात आली तिच्यात तुटलेले सांधेही पुन्हा जुळू लागले. किल्लीनं ओढलेली रेघ असो, फाटकाला लागलेला घासरा असो, गाडी चार तास उन्हात उभी केली की काही नाही. फिल्म जाड आणि मऊ असल्यामुळे घासल्याचा आवाजही आत बसलेल्याला जेमतेम ऐकू येई.

डेंटिंग-पेंटिंगची निम्मी दुकानं ह्या फिल्मनं बंद पाडली. आणखीही एक बदल झाला, पण तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. पूर्वी गाडीला डाग पडला की संध्याकाळी घरातलं कुणीतरी विचारायचं, हे कुठं लागलं? आता घरी येईपर्यंत डागच नसायचा, म्हणून विचारणंही बंद झालं होतं.

ओरखडा मात्र पुरता जात नसे. साखळ्या जागेवर आल्या तरी थोड्या ताणलेल्याच राहत. साध्या डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. पण प्रकाशाच्या फक्त एकाच पातळीतल्या लहरी सोडणारा दिवा लावला आणि तशाच काचेच्या चष्म्यातून पाहिलं, की त्या ताणाचे रंग उमटतात, पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे. ताण ताजा असेल तर जांभळा दिसतो, काही आठवड्यांनी निळा, मग हिरवा, पिवळा, आणि वर्ष-दीड वर्षानं राखाडी होऊन विरतो. कुठं फिल्म थकली आहे, कुठली पट्टी बदलायची, हे ऋतुजा ह्या दिव्याखाली ठरवायची. तिच्या दुकानातल्या त्या अंधाऱ्या खोलीत गाडी आली की गाडीचं गेलं वर्ष तिच्यासमोर उभं राहायचं. एकदा एक गृहस्थ बायकोची गाडी घेऊन आले आणि ती कुठं कुठं जाऊन आली ते दिव्यावरून सांगा म्हणाले. ऋतुजानं त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. फिल्म धुणाऱ्यानं फिल्म धुवावी, असं तिचं धोरण होतं, आणि ते पाळणं आतापर्यंत तिला कधी जड गेलं नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधीचा आठवडा. साताऱ्यातली प्रत्येक गाडी पूजेआधी स्वच्छ व्हायला रांगेत उभी होती. आण्णांची गाडी ऋतुजानं सगळ्यांच्या शेवटी, दुपारी घेतली. जुलैत आण्णांनी एक खेप चुकवली होती, कारण रंजनाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिनं गाडी धुतली, कडा मऊ ब्रशनं साफ केल्या, चाकांच्या वर साठलेला डांबराचा थर औषध लावून उतरवला. उन्हात गाडी अशी चकाकत होती की शेजारच्या दुकानातला माणूस मुद्दाम बघायला आला. मग तिनं गाडी खोलीत घेतली आणि दिवा लावला.

उजवी बाजू जवळजवळ कोरी होती. ती डावीकडे आली आणि दिवा जवळ धरला.

डाव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत रंगच रंग होते. फाटकाच्या खांबाच्या उंचीला एकावर एक सहा घासरे. त्याखाली मोटरसायकलीच्या पायदानाच्या उंचीला तीन. कसल्या तरी लोखंडी कोपऱ्यानं ओढलेली लांबलचक निळी रेघ. तिनं मोजायला घेतलं आणि चाळीसच्या पुढं सोडून दिलं. सगळे जांभळे, निळे, हिरवे. पिवळा एकही नाही, म्हणजे सगळे गेल्या तीन-चार महिन्यांतले.

मागच्या दारावर तिला हात दिसला. उन्हानं मऊ झालेल्या फिल्मवर कुणीतरी सगळा भार टाकून टेकवलेला उजवा हात. तळव्याचा गोल, अंगठा, तीन बोटं. करंगळी अर्धीच होती. हात मागे घसरत गेला होता आणि दाराच्या कडेपाशी संपला होता. रंग निळा. महिन्याभरापूर्वी आण्णांच्या गाडीनं कुणाला तरी ढकललं होतं, आणि तो माणूस पडताना ह्या दाराला धरून सावरायला बघत होता.

 ऋतुजानं दिवा बंद करून माहेरी फोन लावला आणि शक्य तितक्या सहजपणे आण्णांना विचारलं, इतक्यात गाडी कुठं घासली होती का? आण्णा म्हणाले, नाही. बाजारात कुणाला धक्का वगैरे?  आण्णा म्हणाले की पोरी, मी कोण आहे ते विसरलीस का. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. गाडीबद्दल त्यांची तक्रार एकच होती: कॉलनीतली पोरं डावा आरसा रोज दुमडून ठेवतात.

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला कळलं, आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी ती माहेरी गेली. आण्णा कुणाला तरी पोवई नाक्यावर सोडायला गेले होते, त्यांची गाडी दुकानात असेपर्यंत ऋतुजानं दिलेली तिचीच गाडी घेऊन. ते ऐकून तिनं त्यांना परत बोलवायला फोन हातात घेतला. पण तिची गाडी नवी होती, अडथळा दिसला की आपणहून थांबणारी, म्हणून तिनं स्वतःला समजावलं. रंजनाबाई खुर्चीत पाय लांब करून गुडघ्याचे व्यायाम करत होत्या. ऋतुजानं आईला सगळं सांगितलं, फक्त हाताचं सोडून. शेवटी तिनं विचारलं की आण्णांबरोबर बसताना तुला कधी काही वेगळं जाणवलं का.

रंजनाबाई म्हणाल्या, काहीच नाही. गाडी ते पहिल्यासारखीच चालवतात. मी शेजारी बसून बडबड करते म्हणून चिडतात, एवढंच.

"कसली बडबड?"

"सवय गं माझी. जन्मभर दारात उभी राहून डावीकडं बघितलंय मी. 'अहो, डावीकडं सायकल आहे', 'डावीकडं जरा दाबलंय', असं तोंडातून निघतंच. तेही म्हणतात, गाडी मी चालवतो का तू." त्या हसल्या. हसता हसता थांबल्या. व्यायामाचा पाय तसाच वर राहिला.

"ऑपरेशन जूनमध्ये झालं ना तुझं?" ऋतुजानं विचारलं.

"जूनच्या शेवटी."

"त्यानंतर गाडीत बसलीस?"

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

त्यांनी पाय खाली ठेवला. मग रंजनाबाईंनीच हळूहळू आठवून सांगितलं. गेली दोन वर्षं जेवताना डाव्या हाताला ठेवलेली वाटी आण्णांना दिसायची नाही, भाजी वाढलीच नाहीस म्हणायचे. डावीकडून कुणी आलं की दचकायचे. वय झालं, लक्ष नसतं, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आणि गाडीत त्या न कळत त्यांचा डावा डोळा होऊन बसल्या होत्या.

"मला पाय दुखतोय म्हणून मी घरी बसले," त्या म्हणाल्या. "हे एकटे गेले."

ऋतुजानं मग हाताचंही सांगितलं.

ऋतुजानं त्याच रात्री आपली गाडी परत नेली, पण पुढचे दोन दिवस आण्णांची गाडी परत केली नाही. कड उचलली आहे, वेळ लागेल, असं आण्णांना सांगितलं. वडिलांशी ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती. दुकानात तिच्याकडे ताण उतरवायचं यंत्र होतं. गरम रूळ फिरवला की साखळ्या पुरत्या सैल होतात आणि रंग कायमचे जातात. एका बाजूला जेमतेम तासभर लागला असता. मग कुणीही, कधीही, काहीही म्हणालं असतं तरी गाडीवर पुरावा राहिला नसता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आण्णांना कसल्याही निमित्तानं नेता आलं असतं. बिल्ला कपाटात जिथं होता तिथंच राहिला असता. दुसऱ्या दिवशी तिनं रूळ तापवलादेखील. तो हातात घेऊन ती दारासमोर उभी राहिली आणि त्या अर्ध्या करंगळीकडे बघत राहिली. त्या माणसाचं काय झालं, हे तिला माहीत नव्हतं. रूळ फिरवला तर ते कधीच कळणार नव्हतं. तिनं यंत्राचं बटण बंद केलं आणि आण्णांना बोलावून घेतलं.

आण्णा आले. तिनं त्यांना चष्मा दिला, दिवा लावला आणि डाव्या बाजूला आणून उभं केलं. रंग म्हणजे काय, तारीख कशी कळते, हे दोन वाक्यांत सांगितलं आणि ती मागे सरकली. आण्णा पुढच्या चाकापासून सुरुवात करून पावलापावलानं मागे गेले. खाली वाकले, पुन्हा उभे राहिले. जन्मभर गाडीखाली वाकून बघितलेला माणूस. कुठला डाग कशाचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. मागच्या दारापाशी ते थांबले. त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि त्या हातावर ठेवला. त्यांचा हात बराच मोठा होता.

"हे मी केलं?" त्यांनी विचारलं.

"हो, आण्णा."

"आणि मी थांबलो नाही."

ऋतुजा म्हणाली की तुम्हाला दिसलंच नसणार, डोळ्यांचं काहीतरी आहे, उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ. आण्णांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला, गाडीची खिशातली दुसरी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"आधी तो माणूस," ते म्हणाले. "डोळे कुठं पळून जात नाहीत."

ते चालत निघाले. महिन्याभरापूर्वी ते रोज सकाळी एका शेजाऱ्याला ड्रेसिंगला नेत होते, म्हणजे रस्ता ठरलेला होता: शाहूपुरी, मग राजवाड्याजवळची मंडई, मग दवाखाना. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात ते शिरले. अर्ध्या करंगळीचा माणूस माहीत आहे का, असं विचारत. लोकांना वाटलं म्हातारा कुणावर तरी खटला भरायला निघालाय. काहींनी माहीत असून सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ऋतुजा दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर गेली. त्यांच्या डाव्या बाजूनं चालताना तिला पहिल्यांदा जाणवलं की ते तिच्याकडे बघून बोलायचं असलं की सगळं अंगच वळवतात.

मंडईच्या कोपऱ्यावर सीताफळांची एक हातगाडी होती. गाडीवाल्याचं नाव इलाही बागवान. वय पन्नासच्या आसपास, उजव्या मनगटाला अजून पट्टा बांधलेला. करंगळी लहानपणीच उसाच्या चरकात गेली होती, हे नंतर कळलं. आण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, स्वतःचं नाव सांगितलं, पांढऱ्या गाडीचं सांगितलं आणि म्हणाले की ती गाडी मी चालवत होतो, मी माफी मागायला आलोय.

 इलाहीनं आधी एका गिऱ्हाइकाला शांतपणे फळं निवडून दिली. मग म्हणाला, "पंधरा दिवस गाडा बंद होता माझा. पण राग त्याचा नाही. पडताना मी तुमचं तोंड बघितलं. तुम्ही समोर बघत होता. एकदम शांत. मला वाटलं, काय माणूस आहे हा."

"मला दिसलं नाही," आण्णा म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात."

 फिल्म, दिवा, बायकोचं ऑपरेशन, सगळं आण्णा एकात एक मिसळून सांगू लागले. ऋतुजानं पाहिलं की इलाही ऐकता ऐकता गाड्याच्या कडेनं फिरून हळूच आण्णांच्या डाव्या अंगाला आला. त्यानं एक मोठं सीताफळ उचललं आणि त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर धरलं. आण्णा खाली फळांकडे बघत बोलतच होते. त्यानं फळ थोडं पुढं आणलं. आणखी थोडं. आण्णा बोलतच होते, आता रिकाम्या जागेशी. इलाही आपल्या जागेवरून हलला आहे हेही त्यांना कळलं नव्हतं.

"साबळेसाहेब," इलाही म्हणाला. "माझ्या हातात काय आहे?"

आण्णा दचकून अख्खे वळले. फळ त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते त्या फळाकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा असा झाला की ऋतुजानं मान फिरवली.

इलाहीनं फळ त्यांच्या हातात ठेवलं. मग कोपऱ्यावरची रिक्षा हात करून बोलावली. तो ऋतुजाला म्हणाला की माझ्या वडिलांचं असंच झालं होतं, आम्ही वर्षभर उशीर केला; आजच्या आज दाखवा, घरी नेऊ नका. आण्णा पैशाचं काही बोलू लागले तर तो म्हणाला, ते नंतर बघू, आधी बसा.

काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी आण्णांची हनुवटी एका पांढऱ्या घुमटासमोर टेकवली आणि ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. आण्णा ठिपक्यांची वाट बघत राहिले. नंतर बाईंनी कागदावरचा नकाशा समोर ठेवला. डाव्या डोळ्याचा बराचसा भाग काळा होता. त्यांनी समजावून सांगितलं की डाव्या टोकाचं जग फक्त डाव्या डोळ्यालाच दिसतं, उजव्याच्या आड नाक येतं. डोळ्यातला दाब वाढून नस हळूहळू मरते, दुखत नाही, आणि जिथं दिसत नाही तिथं मेंदू आपल्या मनानं रस्ता भरून काढतो. म्हणून माणसाला अंधार दिसत नाही, रिकामा रस्ता दिसतो. गेलेलं परत येणार नाही. उजव्या डोळ्यातही सुरुवात झाली आहे, पण रोज थेंब घातले तर तो वाचेल. मान वळवून बघायची सवय करा. गाडी मात्र आता नको.

आण्णांनी एकच विचारलं. हे किती दिवसांपासून आहे? बाई म्हणाल्या, चार-पाच वर्षं तरी. म्हणजे एसटीत असताना नव्हतं, एवढा हिशेब त्यांनी केला आणि मान हलवली.

लायसन त्यांनी स्वतः जाऊन आरटीओत परत दिलं. कॉलनीत घरोघर जाऊन सांगून आले की आता मला फोन करू नका, मला डावीकडचं दिसत नाही. लोक वाईट वाटलं म्हणाले. एक-दोघांनी, गावातल्या गावात काय होतंय, असंही म्हटलं. त्यांच्याशी ते बोलायचे बंद झाले. दिवाळीपर्यंत ते फारसे कुणाशीच बोलले नाहीत. सकाळी उठून गाडी धुवायचे. दोन बादल्या, सावलीत, वरून खाली. कुठंही न गेलेली गाडी रोज धुताना बघून रंजनाबाईंना ते सहन होईना. एका सकाळी त्यांनी बादलीतलं पाणी गुलाबाला ओतून टाकलं आणि सांगितलं की मला शिकवा.

आण्णांना वाटलं, धुवायला.

"चालवायला," रंजनाबाई म्हणाल्या. "गुडघा बरा आहे आता. चौतीस वर्षं तुम्हा लोकांच्या मागं उभी राहिले. कळत नाही असं वाटतं का?"

आण्णांनी शिकवलं. ते अवघड गुरू होते. पहिले आठ दिवस गाडी सुरूच करू दिली नाही, नुसतं क्लच-ब्रेक. डिसेंबरात त्यांनी जिल्हा परिषदेच्या मैदानावर विटा रचून आठचा आकडा करून दिला. रंजनाबाई पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, चढावर गाडी मागे गेली म्हणून. दोघं घरी आले तेव्हा ऋतुजाला वाटलं भांडण झालंय. झालंही होतं, पण ते परीक्षा घेणाऱ्याशी, आणि केलं होतं आण्णांनी. जानेवारीत त्या पास झाल्या. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंना डायलिसिसला घेऊन गेल्या. आण्णा बरोबर होतेच.

ऋतुजानं दुकानातला नियम बदलला. दिव्याखाली एकाच बाजूला पुन्हा पुन्हा खुणा दिसल्या तर ती गाडीच्या मालकाला आत बोलावते, चष्मा देते आणि दाखवते. कुठं गेला होता हे विचारत नाही. डोळे तपासून घ्या, एवढंच सांगते. काही लोक रागावून दुसऱ्या दुकानात गेले. पुढच्या वर्षभरात सात जणांना काचबिंदू निघाला. एक बाई तर सत्तेचाळीसच्या होत्या. त्यांनी नंतर दुकानात पेढे आणून दिले.

रंजनाबाई पास झाल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत एका रविवारी तिघं कासला निघाली. रंजनाबाईंची ती घाटातली पहिली खेप. ऋतुजा मागं बसली होती आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरून होती. रंजनाबाई मात्र गाणं म्हणावं तसं गुणगुणत यवतेश्वरचा घाट चढत होत्या. आण्णा डावीकडे बसले होते. सुरुवातीला ते प्रत्येक वळणावर गिअर सांगत होते, मग सांगायचे थांबले. ह्या घाटातून त्यांनी एसटी किती वेळा नेली असेल त्याला गणती नव्हती.

एका वळणानंतर दरी डाव्या अंगाला आली. आण्णांनी सीटवर अंग वळवलं, मान पूर्ण डावीकडे फिरवली आणि काचेला कपाळ लावलं. तसेच राहिले. रंजनाबाईंनी आरशात बघून, हात दाखवून गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "गरगरतंय का?"

आण्णांनी नाही म्हणून हात हलवला. खाली सातारा पसरला होता. किल्ल्याची कड, ऊस, तळ्याचं पाणी, त्यावरचं ऊन. ते एकेक जागा उजव्या डोळ्यासमोर आणून बघत होते, आणि त्याला वेळ लागत होता.

"रंजे," ते म्हणाले, "एवढं सगळं होतं का इथं?"

"होतं की. मी रोज बघायची. तिकिटं फाडून झाली की."

"मी रस्ता सोडून कुठं बघितलंच नाही कधी."

रंजनाबाईंनी गाडी बंद केली. मागून एक एसटी आली आणि हॉर्न देऊन पुढं गेली. त्या त्यांच्या बाजूला कलल्या, त्यांच्या खांद्यावरून बोट लांब करून एकेक गाव दाखवू लागल्या, आणि आण्णा त्या बोटाच्या मागं मागं मान वळवत राहिले.